ते दोन फ्री थ्रो मी टाकलेच नव्हते

उतारा, अमावस्या, पांढऱ्या साडीतली बाई असलं काही कुणी सुरू केलं की मी उठून चहाचं आधण ठेवायला जाते. जन्मभर शाळेत पी.ई. शिकवलं. वडील डॉक्टर, नवरा इंजिनीअर. आमच्याकडे कुणाची साधी दृष्टसुद्धा कधी काढली नाही. त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या कॉलममध्ये मी लिहितेय याचीच मला लाज वाटतेय. आणि गंमत म्हणजे, जे घडलं त्यातही भीती अशी नव्हतीच... लाजच होती सगळी.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही इंग्लंडात, लंडनजवळ स्लाऊला राहायचो. बाबा तिथल्या हॉस्पिटलात होते, आणि मी ब्रॅकनेलच्या बाजूला मुलींच्या एका टीचर ट्रेनिंग कॉलेजात. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. दर शुक्रवारी बसनं घरी यायचं आणि आईच्या हातचं जेवायचं, असा माझा क्रम होता.

घर तसं मॉडर्न. मी शॉर्ट्स घालून खेळते याला बाबांची हरकत नव्हती, आईनंही नाक मुरडून का होईना, सोडून दिलं होतं. पण महिन्याचे ते चार दिवस आले की सगळा मॉडर्नपणा बंद. कावळा शिवला की मी मागच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये. वेगळं ब्लँकेट, वेगळं ताट, किचनच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. बाबा म्हणायचे, अगं, मी दिवसभर वॉर्डात काय काय हाताळून येतो, मला नाही तू बाजूला बसवत? आई म्हणायची, तुमचं हॉस्पिटल तुमच्यापाशी. बाहेर पाच घरांवर आयरिश, सहाव्या घरात पंजाबी, आणि आमच्या बॉक्सरूममध्ये मी, मांडीवर ताट घेऊन. मैत्रिणींना कधी सांगायची सोय नव्हती.

त्या वर्षी लंडनच्या आसपासच्या मुलींच्या कॉलेजांची बास्केटबॉल टूर्नामेंट आमच्याच जिममध्ये होती. आमचं कॉलेज तोवर एकदाही जिंकलं नव्हतं. मॉरीन म्हणून आमची कॅप्टन होती, उंच, लालबुंद गालांची. तिचं शेवटचं वर्ष. हा कप हातात घेऊनच मी इथून जाणार, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. तिनंच आईला आग्रहानं बोलावलं. आई पहिल्यांदाच माझी मॅच बघायला आली... साडीवर कोट, पायांत मोजे, आणि मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. सकाळी लाडू वळायला मीही बसले होते. वर बाल्कनीत ती अशी ताठ बसली होती, जणू तिचीच परीक्षा आहे.

आम्ही फायनलला पोचलो. समोरची टीम इल्फर्डकडच्या एका कॉलेजची, आणि चांगलीच दांडगी. अगदी शेवटपर्यंत मॅच मागेपुढे होत राहिली. थोडीच मिनिटं उरली असताना मॉरीननं टाइमआउट घ्यायला लावला, आणि तेव्हा मला कळलं. तारखेला अजून आठवडा होता, पण आली. आमच्या शॉर्ट्स फिक्या आकाशी रंगाच्या होत्या.

मी मॉरीनला एवढंच म्हटलं, मला टॉयलेटला जायचंय, दुसरी कुणीतरी घाल. आणि पळाले.

कॉरिडॉरच्या टोकाला चेंजिंग रूम होती. कडी लावली. जवळ काहीच नव्हतं, तेव्हाचा तो कडक चकचकीत टॉयलेट पेपर सोडून, आणि त्यानं काही टिपलं जात नाही हे त्या काळातल्या बायकांना सांगायला नको. डाग चांगला मोठा होता. मी शॉर्ट्स काढून बेसिनमध्ये धुवायला घेतल्या. धुताना रडू फुटलं. मॅचचं मला काही वाटत नव्हतं तेव्हा, खोटं कशाला बोलू? एकच डोक्यात होतं... आईनं पाहिलं का? पाहिलं असेल तर मी सगळ्यांना शिवलेय, बॉलला शिवलेय, लाडू वळलेत. आता ती तो अख्खा डबा टाकून देणार आणि गोऱ्या मुलींसमोर मला लांब बस म्हणणार.

भिंतीपलीकडून जिमचा आवाज येत होता. बॉल आपटत होता, बूट करकरत होते, मग शिट्टी वाजली. मग एकदम सगळं शांत. नंतर ओरडा. परत शांत. आणि मग असा गलका झाला की भिंतीवरचा आरसा हलला. हे सगळं मी ओल्या शॉर्ट्स हातात धरून ऐकलंय. याबाबतीत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

ट्रॅकसूट चढवून मी कडी काढली, तोच सगळी टीम आत घुसली आणि माझ्या अंगावर पडली. मॉरीन रडत होती. मला म्हणाली, "तू इथे कधी पळालीस? आत्ता तर आम्ही तुला उचललं होतं!"

मला काही कळेना. मग तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. एक पॉइंट मागे होतो. टाइमआउट संपता संपता मी परत आले. मला फाउल झाला. दोन फ्री थ्रो मिळाले, आणि मी दोन्ही बरोबर बास्केटमध्ये टाकले. मी! जिचे हात फ्री थ्रोला लटलट कापायचे, म्हणून सगळी टीम जिची चेष्टा करायची.

मग मॉरीननं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या शॉर्ट्सवर रक्त होतं, सगळ्यांना दिसत होतं. आणि तू तशीच ताठ उभी राहिलीस. माझी छाती झाली नसती."

माझ्या हातात त्या शॉर्ट्स होत्या, पिळलेल्या, पाणी गळत असलेल्या. त्या मी पाठीमागे लपवल्या.

बाहेर आले तर आई जिना उतरून खाली उभी. तिनं सगळ्यांसमोर डबा उघडला, एक लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. वरून न टाकता, हाताला हात लावून. एवढ्या वर्षांत त्या दिवसांत तिनं मला बोटही लावलं नव्हतं. मग उरलेले लाडू मुलींना वाटले. घरी आल्यावर मी गुपचूप बॉक्सरूमकडे निघाले, तर किचनमधून हाक आली, पोळ्या लाटायला ये म्हणून. बॉक्सरूम त्या दिवशी बंद झाली ती झालीच. आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, की माझी सुमी खंबीर आहे हो.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कप हातात घेतलेला माझा फोटो दिवाणखान्यात, आणि मला मात्र तिकडे बघवायचं नाही.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. स्लाऊमध्येच हॉल घेतला होता. त्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. तारीख चुकवून आली. पिवळी साडी नेसून गौरीहरासमोर बसायचं होतं, आणि खोलीत आम्ही दोघीच. आईला सांगितलं. ती निऱ्यांना पिन लावत होती, तशीच लावत राहिली. म्हणाली, बस पूजेला, काही होत नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. "आई, त्या दिवशी कोर्टवर मी नव्हते. मी टॉयलेटमध्ये रडत बसले होते."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"पोटची पोर आहेस तू. चेहरा तुझाच होता, वेणीही तुझीच. पण त्या दिवशी सुरुवातीपासून तुझ्या हातात बॉल आला की तू आधी वर माझ्याकडे बघायचीस, घाबरून. तिनं एकदाही बघितलं नाही."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? कोण होती कुणास ठाऊक. पण तसल्या कपड्यांत, एवढ्या लोकांत, माझ्या मुलीचं रूप घेऊन मान वर करून उभी होती. आणि माझी खरी मुलगी कुठेतरी दडून बसलेली असणार, माझ्या भीतीनं. मला माझीच लाज वाटली गं, सुमे."

मग माझ्या ओंजळीत तांदूळ घातले आणि डोळे पुसत बाहेर गेली. तो विषय आम्ही परत कधी काढला नाही.

मी आता सत्तरी ओलांडलीय. मॉरीन अजून भेटते, आणि भेटली की ते दोन शॉट हमखास काढते. मी मान खाली घालते, तिला वाटतं विनय. ती कोण होती, कुठून आली, कुठे गेली, मला काहीही सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. पण एक आहे... मी इतकी वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवला, आणि कुणी पोर पोट धरून टॉयलेटकडे पळाली की मी तिच्या मागे जायचे आणि दाराबाहेर उभी राहायचे. आत ती एकटी नाही, एवढं तिला कळावं म्हणून.