लावणी झालेलं शेत

आमच्या घरात लावणीसाठी भाताची रोपं उपटायचं काम सासूचं. वाफ्यात बसली की दोन्ही हातांनी सपासप उपटायची, मुळांची माती झाडायची, मूठ बांधून मागं टाकायची. या कामात तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती.

त्या वर्षी लावणी उरकून पंधरवडा झाला होता. मी भाकऱ्या थापत होते, तर शेजारीण बोंबलत आली, "अगं, तुजी सासू काय करतेय बघ!" धावले. शेजाऱ्यांच्या लावलेल्या शेतात सासू चिखलात बसली होती. अर्धं शेत मोकळं, मागं मुठींची रांग. मला म्हणाली, "कुनाची गं तू? मुठी उचल बिगीबिगी, लावनी खोळंबलीय."

रडू यायला हवं होतं. आलं नाही. वर्षभर हेच चाललं होतं. जेवली की विसरायची, चुलीत चप्पल घालायची, मला चोर म्हणायची. तिचं धुणंपुसणं करून करून मी दगड झाले होते. आता टीव्हीवर सांगतात, हा मेंदूचा आजार, अल्झायमर. तेव्हा आमच्याकडे एकच शब्द, म्हातारचळ. कुणी म्हणालं भगताकडे न्या, कुणी म्हणालं सोंग करते. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही. वयाला कसलं आलंय औषध!

संध्याकाळी शेजारी ओट्यावर येऊन बसला. "रुजलेली रोपं परत लावून तगतात काय? आमी वर्षभर खायचं काय? म्हातारीला बांधून ठेवा, नायतर आमी बांधतो."

त्याचं तरी काय चुकलं?

नवरा रसायनीच्या कारखान्यातून पाळी करून नुकताच आला होता. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? मी शेतात जाऊ का हिच्या मागं फिरू?" तो उठला. गोठ्यातून बैलाचं दावं घेऊन आला.

सासू पडवीत खांबाला टेकून बसली होती. तो समोर उकिडवा बसला, तशी तिनं हसून दोन्ही हात पुढं केले. सासरे गेल्यापासून त्या हातांत काकण नव्हतं.

"हिरवी भर रं कासारदादा. घट्ट नको, हात दुखतो."

त्यानं गाठ सैल मारली. मला काहीच वाटेना. काकणं भरून झाली की कासाराला नमस्कार करायची आमच्याकडे रीत. तिनं वाकून आपल्या मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं.