नाचणीचा बर्गर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दर रविवारी घरी बर्गर करतात आणि त्यातला एक डब्यात घालून आमच्याकडे पाठवतात. पाव नाचणीचा, आत दुधी-बिटाची टिक्की, चीजच्या जागी चक्का. हा बर्गर दातांनी तुटत नाही, सुरी घ्यावी लागते. "बाहेरच्यासारखाच लागतो," हे ते विचारत नाहीत, सांगतात. बाहेरचं तेल म्हणे त्यांना नुसत्या वासावरून कळतं. घोडबंदर रोडवर असं एकही दुकान नाही, ज्याला त्यांनी नाक मुरडलेलं नाही.

शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. गेल्या रविवारी घरात काहीच केलेलं नव्हतं, म्हणून नाक्यावरच्या गाडीवरून चार बटाटेवडे आणले आणि त्यांच्या डब्यात भरून दिले. त्यांनी दारातच झाकण उघडलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"बघा, घरचं तेल. लगेच कळतं."

उभ्या उभ्या तीन वडे खाल्ले. चौथा उचलला तेवढ्यात आतून बायकोने विचारलं, "काय आलंय हो?"

"काही नाही," म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं आणि चौथा बाहेरच संपवला. मग मला हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी तुम्हाला दोन बर्गर पाठवतो."