इंडोनेशियाची इस्त्री

आमच्या घरी आजवर एकच परदेशी पाहुणा आला. त्याला आम्ही दोनदा संडासात पाठवलं आणि मग त्याची पॅन्ट उतरवून घेतली.

हे सगळं अतिशय आदरानं केलं. पण केलंच!

तेव्हा आम्ही चारकोपला नुकतेच राहायला आलो होतो. बैठी घरं, अर्धवट भिंती आणि बसस्टॉपपासून दारापर्यंत नुसता चिखल. बाबांची गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. ते खाटेवर बसून पेपर वाचायचे, वाचून झाला की घडी घालायचे आणि थोड्या वेळानं तोच पेपर पुन्हा उघडायचे. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. आई त्यांच्याभोवती दबक्या पावलांनी वावरायची, घरात कुणी तापानं फणफणत असल्यासारखी. मोठा भाऊ, आमचा दादा, जहाजावर खलाशी होता, म्हणून चूल पेटत होती.

आणि मी? मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते. जनरल नॉलेज! पेपरातलं जगाचं पान पाठ, टीव्हीवरच्या बातम्या पाठ (टीव्ही शेजारच्या नलूकाकूंचा, मी त्यांच्या दारात उभी). कुठल्याही देशाचं नाव घ्या, राजधानी आणि चलन तयार! स्वतः मात्र गावची एस.टी. सोडून कशात बसले नव्हते.

अशात एका सकाळी दादा दारात उभा राहिला. जहाज बंदराला लागलं होतं. त्याच्यासोबत एक बुटका, सावळा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"हा हार्तोनो. माझ्या जहाजावरचा. इंडोनेशियाचा आहे," दादा घाईघाईनं म्हणाला. "ह्याला दिवसभर सांभाळा. मला एजंटच्या ऑफिसात पळायचंय. ऐक, त्याच्या घरी..."

"जकार्ता!" मी म्हटलं. "चलन रुपिया!"

"अगं, ते नाही, त्याच्या घरी..."

"माहितीये रे सगळं! तू जा. तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे!"

दादानं हताशपणे आईकडे पाहिलं. आई पाहुण्याला पाट शोधत होती. बस सुटेल म्हणून तो तसाच पळाला.

हार्तोनो खाली मान घालून बसला. आईनं चहा ठेवला, कोरा. (दूध सकाळी माझ्याच कृपेनं उतू गेलं होतं. मी तेव्हा आफ्रिकेच्या राजधान्या म्हणत होते.) त्यानं कपात पाहिलं आणि अगदी हळू, संकोचून विचारलं, "सुसू?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"काय म्हणता तो?" आई मालवणीत कुजबुजली.

"अगं, सुसू म्हणतोय! आपलाच शब्द! बघ, जग किती जवळ आलंय!"

मी त्याला मागच्या दारानं संडास दाखवला. बाबांनी न बोलता टमरेल भरून त्याच्या हातात दिलं. तो बिचारा आत गेला, थोडा वेळ उभा राहिला असावा, आणि तसंच भरलेलं टमरेल घेऊन बाहेर आला. पुन्हा बसला. पुन्हा कपाकडे बोट केलं आणि अंगठा-तर्जनीची चिमूट दाखवत म्हणाला, "सुसू... लिटल."

"अरे देवा," आई हळहळली, "थेंब थेंब होता तेका! उन्हाळी लागली!"

त्याला पुन्हा आत पाठवलं. तो पुन्हा गेला! नाही म्हणायची ताकदच त्याच्यात नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी धने ठेचत होते. धन्या-जिऱ्याचं गार पाणी तांब्याभर करून त्याच्यापुढे ठेवलं आणि "गुड! व्हेरी गुड!" करत सगळं प्यायला लावलं. प्यायला बापडा.

मग बराच वेळ तो भिंतीकडे बघत बसला. बाबा खाटेवर, तो पाटावर. एकदम दोन्ही हात गुडघ्यांवर दाबत तो म्हणाला, "इस्त्री... साया..." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "माती."

मी टाळीच वाजवली!

"इस्त्री! माती! अगं आई, पॅन्टला माती लागलीये, इस्त्री करून हवी म्हणतोय! हा तर मराठीच बोलतोय!"

बाबांची लुंगी त्याच्या हातात कोंबली. खुणा करकरून पॅन्ट उतरवून घेतली. चिखल धुऊन काढला. नलूकाकूंकडून विजेची इस्त्री मागून आणली आणि ओल्या पॅन्टवर फिरवायला घेतली. वाफ निघत होती आणि मी त्याला ऐकवत होते, "बोरोबुदूर! बाली! सुमात्रा!" तो माझ्याकडे बघत होता. पाणी भरलेल्या डोळ्यांनी. मला वाटलं, मायदेशाच्या आठवणीनं भारावलाय.

माझंही लक्ष त्याच्याकडेच. खालून जळका वास आला तेव्हा पॅन्टच्या मांडीवर इस्त्रीचा अख्खा तळ उमटला होता, चॉकलेटी!

मी ती पॅन्ट उचलून धरली आणि हार्तोनो हुंदके देऊन रडायला लागला.

"वाट लागली," मी पुटपुटले.

"आवशीनं शिवलेली असात," त्याच्या आईच्या विचारानं आई रडवेली झाली.

एवढ्यात नलूकाकू इस्त्री परत न्यायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या, आवाज मोठा. "का रडतोय त्यो?"

"पॅन्ट जळली, काकू."

तोवर हार्तोनोनं शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला. कडेवर तान्हं घेतलेली एक तरुण बाई, हसणारी. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "इस्त्री." आणि मग मघासारखंच, "माती."

नलूकाकूंचा आवाज एकदम उतरला. "आगं बया. आमच्याकडं माणूस गेलं म्हंजे मातीला जात्यात गं." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "ह्याची बायकू गेली."

इस्त्री. स्त्री. हातात जळकी पॅन्ट धरून मी तशीच उभी राहिले. पुस्तकात मला असल्या शब्दांचं कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि जो सांगायला आला होता त्या दादाला मी दारातच गप्प केलं होतं.

बाबा खाटेवरून उठले. हार्तोनोशेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बस," म्हणाले. "रड." कित्येक दिवसांत मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता. हार्तोनोनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

नलूकाकूंनी आमचा स्टोव्ह विझवला. दुःखाच्या घरी शिजवायचं नसतं, म्हणून त्यांच्या घरून पिठलं-भाकरी आली. बातमी गल्लीभर गेली. बायका पदर सावरत येऊन बसल्या, पुरुष ओट्यावर. दारात चपलांचा ढीग.

"कोण गेलं हो?"

"इंडोनेशियाची सून."

"अरेरे. लहान होती?"

"पदरात मूल आहे."

कुणाला त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे सगळे नुसते बसून राहिले. तेवढं त्याला समजलं असावं. त्यानं भाकरीचा एक तुकडा तोडून खाल्ला.

संध्याकाळी दादा विमानाचं तिकीट घेऊन आला. वळणावरूनच त्याला गर्दी दिसली, चपला दिसल्या, आणि आत भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेली बाबांची लुंगी दिसली. त्यानं जी किंकाळी फोडली!

"बाबाऽऽ!"

लुंगीला मिठी मारून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. हार्तोनो दचकून उठला आणि दादा रडतोय म्हणून पुन्हा रडायला लागला. बायकांनाही हुंदके फुटले. तेवढ्यात मोरीतून बाबा हात पुसत आले.

"काय रे, काय झालं?"

दादानं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा मिठीतल्या माणसाकडे. मग माझ्याकडे. "काय केलंत तुम्ही ह्याचं?"

मी सगळं सांगितलं. सुसूपाशी आल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "अगं बये, सुसू म्हणजे दूध! रोज इंग्लिशमध्ये मागतो तो. आज त्याला एकही परका शब्द आठवत नसेल. म्हणून तर 'इस्त्री साया माती', माझी बायको मेली, एवढंच म्हणाला."

आई तडक नलूकाकूंकडून दूध घेऊन आली.

निघायची वेळ झाली, पण जळकी पॅन्ट घालून बायकोच्या मातीला कसं जायचं? बाबांनी पत्र्याची ट्रंक उघडली. त्यांच्याच गिरणीच्या कापडाची एक कोरी पॅन्ट त्यात होती, गिरणी सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी घालायची म्हणून ठेवलेली. आम्ही कुणी तिला हात लावत नसू. त्यांनी ती हार्तोनोला दिली.

"अहो," आई म्हणाली, "ती तुमची..."

"आता कुठं जायचंय मला," बाबा म्हणाले.

पॅन्ट त्याला लांब झाली. आईनं खाली बसून दुमडून टाके घातले. तो बाबांच्या पाया पडला (हे त्याला कुणी शिकवलं, देव जाणे) आणि दादाबरोबर अंधारात चिखल तुडवत गेला.

बाबांनी दुसऱ्या दिवसापासून एका दुकानात वजनकाट्यावर बसायला सुरुवात केली.

पुढच्या खेपेला दादा आला तो गंभीर चेहऱ्यानं. हार्तोनो जहाजावर परतला होता. मूल आजीकडे होतं, बरं होतं.

"तो सगळ्यांना तुमची गोष्ट सांगतो," दादा म्हणाला. "म्हणतो, भारतातली माणसं फार थोर. तिथं माणूस दुःखात असला की त्याला दोनदा पाण्यानं शुद्ध व्हायला पाठवतात. कडू पाणी पाजतात. मग घरची मुलगी देशोदेशीचे मंत्र म्हणत त्याचं वस्त्र इस्त्रीनं डागते, आणि वडील माणूस आपलं कोरं वस्त्र त्याला देतो."

"तू खरं काय ते सांगितलंस ना?"

"कसं सांगू? गेल्या महिन्यात आमच्या कुकची आई वारली. हार्तोनोनं सगळं विधीप्रमाणे केलं. कुकला फार बरं वाटलं."

बँकेची परीक्षा मी नापास झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा गेले. घर माणसांनी भरलं होतं, दादा कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता, आणि मला काय करावं सुचेना. मी खुंटीवरची दादाची चुरगळलेली पॅन्ट काढली आणि इस्त्री तापवत ठेवली.

"आगं येडे," नलूकाकू धावत आल्या, "ह्या टायमाला इस्त्री कसली?"

"पद्धत आहे, काकू."

"कुणाची?"

"इंडोनेशियाची," मी म्हटलं. माझं जनरल नॉलेज पहिल्यापासून चांगलंच.