सुट्टीचा दिवस

शुक्रवारची सकाळ रियाधमध्ये उशिरा सुरू होते. ऊन केव्हाचं समोरच्या भिंतीवर येऊन बसलेलं असतं, पण रस्त्याला जाग नसते. दुकानांची शटरं खाली, एरवी हॉर्नने कान किटवणारा आमचा चौक अगदी गप्प. खालच्या मजल्यावर कुणीतरी ऊद जाळतं आणि तो गोडसर, जड धूर जिन्यातून वर येत येत माझ्या दाराच्या फटीतून आत शिरतो. तेव्हा माझ्या तव्यावर तांदळाचं घावन पडलेलं असतं. हे दोन वास एकमेकांत मिसळले की मला हटकून व्हिएन्ना आठवतं. व्हिएन्ना म्हटलं की लोकांना राजवाडे आठवतात, संगीत आठवतं. मला आठवतो चौथ्या मजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट, खिडकीपाशी बसलेल्या खाला आणि त्यांच्याकडे बघून मी बोललेलं एक वाक्य.

खाला म्हणजे या इमारतीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीण. रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. त्यांच्या यजमानांचं शहराच्या अल सुलै भागात पाइपांचं गोदाम होतं आणि तीस वर्षं त्यांनी या वाळूत कोकणातलं स्वयंपाकघर चालवलं होतं. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी मी इथे आले तेव्हा मला अरबी येत नव्हतं, हिंदी यथातथाच होतं, आणि दिवसांचा तर पार गोंधळ. मुलीला शाळेत घातल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी तिला पहाटे उठवलं, वेण्या घातल्या, युनिफॉर्म, डबा, पाण्याची बाटली, सगळं घेऊन खाली फाटकात शाळेच्या बसची वाट बघत उभी राहिले. अर्धा तास. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वरच्या खिडकीतून हे बघून खाला चपला फटफटवत खाली आल्या.

"काय गो, पोरीला घेऊन उभी कशाला? आज सुट्टी हाय. जुम्मा हाय आज."

मला रडूच आलं. परक्या गावात एवढंसं पुरतं. खालांनी माझ्या हातातला डबा घेतला, आम्हा दोघींना वर नेलं आणि गरम घावन वाढलं. मुलीला सांगितलं, "तुजे बूट इतके चकचकीत, म्हनून शालेनं सुट्टी दिली." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "नवऱ्याला सांगू नको, हसंल तो. मी पन नाय कुनाला सांगत."

आणि खरंच त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे आठ वर्षं आमचा शुक्रवार त्यांच्या घावनांनी सुरू झाला. आमच्या बोलण्यात 'सुट्टी' या शब्दाचा दुसरा अर्थच उरला नाही. रविवार इथे कामाला जुंपायचा दिवस, कपाळाला आठ्या घालून ऑफिसात जायचा. सुट्टी म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवार म्हणजे खाला. इमारतीत कुणालाही तारीख-वार हवा असला की तो त्यांचं दार वाजवायचा. रोजा कधी सुरू, शाळा कधी उघडणार, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कधी संपतो, सगळं त्यांच्या डोक्यात असे. कॅलेंडर त्यांच्या घरात नव्हतं, लागलंच नाही कधी.

मग यजमान गेले. खालांचा इकामा त्यांच्याच नावावर होता, त्यामुळे तीस वर्षांचा संसार काही आठवड्यांत आवरला गेला. फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडणं, हे दोन शब्द आम्ही इथे किती सहज उच्चारतो. तो शिक्का प्रत्यक्ष पासपोर्टवर उमटताना बघवत नाही. जाताना त्यांनी घावनांचा बिडाचा तवा माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "तिकडं गॅस नाय म्हनतात, काचेची चूल हाय." मुलगा व्हिएन्नाला होता, तिकडे त्या गेल्या.

दोन वर्षांनी आम्ही युरोपात रेल्वेने फिरायचं ठरवलं. दहा दिवस, चार देश, रोज नवं स्टेशन. अशा प्रवासात शहरं नीट भेटत नाहीत. सामान लॉकरमध्ये कोंबायचं, दोन चौक आणि एक पूल बघायचा, की पुढच्या गाडीची वेळ. माझा जीव मात्र एकाच शहरात अडकला होता. मी खालांना व्हॉइस मेसेज पाठवला, कधी येऊ? उत्तर आलं, "सुट्टीचे दिवशी ये गो. मी घावनं करतंय."

आमच्या मूळ आखणीत व्हिएन्ना शुक्रवारीच येत होतं. पण मी पडले शहाणी. म्हटलं, युरोपात सुट्टी म्हणजे रविवार, मुलगा-सून घरी असतील, खालांना तेच सोयीचं असेल. नवऱ्याची कुरकुर ऐकून घेत सगळी रिझर्वेशनं बदलली, प्राग आधी घेतलं. खालांना कळवलं, "सुट्टीच्या दिवशी येते, नक्की." मुलाला मात्र सविस्तर लिहिलं: रविवारी दुपारी पोचतो, चार तास आहोत. खालांसाठी मी अख्खा प्रवास फिरवला, हे वाटेत मी नवऱ्याला किती वेळा ऐकवलं असेल!

रविवारी दुपारी व्हिएन्नाला उतरलो. रिमझिम पाऊस होता. रस्ते ओस, दुकानांना कुलपं. खालांसाठी फुलं घ्यावीत म्हणून दोन गल्ल्या हिंडले, एक दुकान उघडं मिळेल तर शपथ. रियाधहून आणलेला खजुराचा डबा तेवढा हातात होता. चौथ्या मजल्यावर दार मुलाने उघडलं आणि आत घेण्याआधी तिथेच दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, अम्मीचं आता वय झालंय. दिवसांचा मेळच राहिला नाही. मी रविवार सांगूनही परवा शुक्रवारी पहाटेपासून स्वयंपाक करत बसली, तुम्ही येणार म्हणून. आम्ही दोघं कामावर. दुपारी एकटीच ट्रामने स्टेशनवर गेली. फोन घरीच. संध्याकाळी एका बाकावर सापडली, थंडीनं काकडलेली. आता एकटीला बाहेर सोडत नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय."

मी चपला काढता काढता थांबले. काय झालं होतं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. खालांचं काहीही चुकलं नव्हतं. त्या व्हिएन्नाला राहत होत्या, पण माझ्याशी रियाधच्या भाषेत बोलल्या होत्या, आमच्या जिन्यातल्या भाषेत. ती भाषा विसरले होते मी.

आत खाला खिडकीपाशी बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. मला जवळ घेतलं, मुलीची उंची बघून हरखल्या. मग मुलाकडे एकदा बघून त्यांनी मला सरळच विचारलं, "आता तूच सांग गो. सुट्टीचे दिवशी येतंय म्हनालीस का नाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वाक्य जिभेवर होतं: त्या बरोबर आहेत, चूक माझी आहे. एवढंच बोलायचं होतं. पण ज्या मोठेपणाच्या गप्पा मी प्रागपासून मारत आले होते, त्या नवऱ्यासमोर कशा गिळणार? शिवाय त्या बाकावरच्या थंडगार दुपारचं पाप माझ्या माथी आलं असतं. मी हसले. लाडात येऊन, लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाले, "हो खाला, पण सुट्टी म्हणजे रविवार ना हो इथे!"

खाला माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मनातल्या मनात काहीतरी पडताळून बघत होत्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "असंल. माजीच चूक." शुक्रवारची घावनं सुनेने गरम करून वाढली. ती वातड झाली होती. मी तीन खाल्ली. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "म्हातारीचं अवघड दिसतंय." मी काचेवरचे पावसाचे ओघळ बघत राहिले.

मुलाला खरं काय ते मी रियाधला परतल्यावर कळवलं, तेही दीड महिन्याने. त्याचं उत्तर सभ्य होतं. "ताई, तेवढं एकच कारण नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तोवर त्याने त्यांना वृद्धांच्या एका संस्थेत ठेवलं होतं. कदाचित तो खरंच बोलत असेल. कदाचित खालांचं विसरणं आधीच सुरू झालं असेल आणि आज ना उद्या हेच व्हायचं असेल. हे 'कदाचित' मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलंय. त्यापुढे त्याने सहज लिहिलेली एक ओळ मात्र काही केल्या मनातून जात नाही: अम्मी हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आज वार कोणता ते विचारते, स्वतःवर भरवसाच ठेवत नाही.

माझी चूक त्यांनी आठ वर्षं पदराखाली झाकली. आणि माझीच दुसरी चूक मी त्यांच्या नावावर करून आले.

आता दर शुक्रवारी पहिलं घावन तव्यावर पडलं की मी त्यांना व्हॉइस मेसेज पाठवते. "खाला, आज सुट्टी." तिथली एक नर्स तो त्यांच्या कानाशी धरते म्हणे. कधी उत्तर येत नाही. आलं तर उशिरा येतं, बारीक आवाजात. "नक्की ना गो? का मीच चुकतंय?"

मी सांगते, तुम्ही नाही चुकलात खाला, तेव्हाही नव्हता चुकलात, मी चुकले होते. त्या ऐकून घेतात, बरं म्हणतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच विचारतात.