वर्नाच्या मडक्यातला घेवडा

वर्ना थर्लोला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात सगळे जरा टरकूनच असत. शनिवारच्या घेवड्याच्या जेवणावळीला यंदा काउंटीबाहेरचं काहीही येणार नाही, हा फतवा तिचाच. कॉफी गेली, तिच्या जागी भाजलेल्या मुळांचा कडूजहर काढा आला. मिरी गेली. साखर गेली, पण मेपलचा पाक घरोघरी होता, त्यामुळे तिच्यासाठी कुणी रडलं नाही. "वर्ना, दात कोरायच्या काड्याही तूच तासणार का गं?" म्हणून पुरुषमंडळी टोमणे मारायची. तिनं कुणाला भीक घातली नाही.

घेवडा आल्डन लेविटचा. काउंटीत सुका घेवडा पिकवणारा तो एकटाच उरला होता, वय अठ्ठ्याहत्तर. एप्रिलमध्ये जेवणाच्या आदल्या दिवशी पिशवी आणून देताना म्हणाला, "कसा शिजतो ते सांग हं मला. विसरू नकोस." म्हाताऱ्याला कौतुक हवंय, असं वर्नाला वाटलं.

रात्रभर भिजवून तिनं दाणे सकाळी शिजत घातले. दुपार व्हायला आली तरी सगळे गणंगच! सोडा घातला, आच वाढवली, चार शिव्याही घातल्या. दाणे ढिम्म. आणि संध्याकाळी अख्खं गाव जेवायला येणार. नाचक्की कुणाची? तिचीच. मग वर्नाबाईंनी गाडी काढली ती थेट शेजारच्या काउंटीत, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डब्यांतला शिजवलेला घेवडा घेतला, तोही कुठल्या लांबच्या राज्यातला. खारवलेलं डुकराचं मांस आणि पाक घालून मडक्यात भाजल्यावर कुणाच्या बापाला कळणार होतं?

कुणाला कळलंही नाही. लोक बोटं चाटत होते. आल्डननं तर तीनदा वाढून घेतलं.

"शिजला ना गं नीट?" त्यानं हळूच विचारलं.

"लोण्यासारखा," वर्ना म्हणाली. तोंड असं काही कोरडं पडलं, की तो कडू काढासुद्धा तिनं गटागटा प्यायला.

"सुटलो बाई!" असं म्हणून आल्डन चक्क हसला.

त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. चर्चमध्ये कुणी घेवड्याचं कौतुक केलं की कान तापायचे. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता अख्खा मे गेला. आपण एवढ्या भित्र्या आहोत, हे तिला नव्यानंच कळत होतं.

जूनअखेर एकदा ती आल्डनच्या शेतावरून जात होती. सरी ओढलेल्या, पण हिरवं काही नाही. कुठे चार रोपं, पुढे नुसती माती. आल्डन गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरत होता. वर्नानं गाडी थांबवली.

"काय झालं हो?"

"उगवलंच नाही." त्यानं कुजका दाणा दाखवला. "हिवाळ्यात दोन पिंपं हलवली आणि जुनं कुठलं, नवं कुठलं तेच कळेना. जुना घेवडा शिजत नाही आणि उगवतही नाही, म्हणून एकातला तुला दिला. तू म्हणालीस लोण्यासारखा, म्हणून तोच पेरला."

वर्ना गाडीतून उतरली. "आणि दुसरं पिंप?"

"जुनं समजून डुकरांना घातलं. आता बियाण्याला मूठभरही नाही."

"आल्डन, तुमचा घेवडा शिजलाच नव्हता. मी खोटं बोलले. जेवणात होता तो दुकानातला, डब्यातला. लाज वाटली हो मला सांगायची."

त्यानं हातातला दाणा मातीत टाकला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. कुंपणाला धरून तो कसाबसा उठला.

"डब्यातला," तो म्हणाला. "आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज अगदी आईच्या हातची चव होती."