बिनछपराचा मठ

आमच्या धुळ्यातल्या गल्लीतला पंक्चरवाला रोज दुकान उघडलं, की आधी भिंतीवरच्या एका फोटोला उदबत्ती ओवाळतो. फोटोत ना देव, ना माणूस. आर्मेनियातला जुना पडका ख्रिस्ती मठ आहे. तिकडे डॉक्टरकी शिकणाऱ्या त्याच्या मुलीने पाठवलेला.

एकदा न राहवून मी म्हणालो, "भाऊ, तिथं छप्पर नाही, पुजारी नाही. आता देव तरी कुठला?"

ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "मंग बरं शे, नाना. दुसरं कोनी मांगनारं नई. मनी पोरकडे देखाले त्याले टाइम व्हई."

तो चुकतोय की मी, मला काही उमगेना. दुसऱ्या दिवशी हवा भरायला गेलो, तर फोटोच्या वर भिंतीला त्याने छपरासारखा उतरता पत्रा ठोकलेला. दुकान तर कुठेच गळत नाही.