आईच्या खोलीतली रेंज

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. एकदोनदा सांगायला बसलो होतो, पण आधी चहा झाला, मग कर्वे रोडच्या ट्रॅफिकला नावं ठेवून झाली आणि विषय राहूनच गेला. तुम्ही अनोळखी, म्हणून जमेल असं वाटतंय — तरी बघा, सुरुवातच लांबवतोय.

आधी माझं काम सांगतो. हॉस्पिटलांमध्ये खासगी मोबाईल नेटवर्क बसवणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी इंजिनिअर आहे. म्हणजे त्या इमारतीपुरतं, तिचं स्वतःचं नेटवर्क. पेशंटची नाडी सिस्टरच्या फोनवर दिसते, एक्स-रे डॉक्टरांच्या हातातल्या टॅबवर क्षणात येतो, आणि बाहेरच्या जगाची गर्दी त्यात शिरत नाही. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ते मी बसवलं. पुढे त्याच हॉस्पिटलात माझी आई दाखल झाली.

रक्ताचा आजार. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून एकटीची खोली. भेटायला एकच माणूस, तोही संध्याकाळी थोडा वेळ, गाऊन-मास्क घालून. तो माणूस मी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, भावंडं नाहीत. आईच्या माहेरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं — अमरावतीची नलूमावशी, तिची धाकटी बहीण. गुडघ्यांनी बसवल्यामुळे तिला पुण्याला येणं शक्य नव्हतं. स्वतःचा फोन त्या खोलीत न्यायची परवानगी नव्हती. मग पलंगाला अडकवलेल्या हॉस्पिटलच्या टॅबवरून दोघी रोज संध्याकाळी एकमेकींना बघायच्या. कुठल्या टॅबवरून बाहेर फोन लागावा, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं.

मावशी दिसली की आई बदलायची. आमच्या कोथरूडच्या घरात जन्मभर शुद्ध, नीटनेटकं बोलणारी ही बाई टॅबसमोर एकदम वऱ्हाडी व्हायची. ‘काहून वं?’ म्हणून जी सुरुवात व्हायची, ती पाटवडीच्या रश्श्यावरून भांडण आणि मग दोघींचं डोळे पुसेपर्यंत हसणं. काय एवढं हसतात, मला निम्मं कळायचं नाही. आणि का कळावं? शाळेत असताना मीच तिला म्हणालो होतो, माझ्या मित्रांसमोर तसं बोलत जाऊ नकोस. तिनं ते मुकाट्यानं ऐकलं होतं.

एक दिवस मी तिला सांगायला काहीतरी घेऊन गेलो होतो. काय, ते आता आठवतही नाही. मावशीचा फोन संपला तेव्हा आई दमली होती. ‘आता मला बोलायला लावू नकोस रे,’ म्हणाली आणि डोळे मिटले. मी गाऊनमध्ये घामाघूम, खुर्चीवर बसून राहिलो. मला राग आला. कोणाचा? मरायला टेकलेल्या आईचा? म्हाताऱ्या मावशीचा? चाळिशी ओलांडलेला मी, आणि माझा खाऊ दुसऱ्याला दिला म्हणून रुसलेलं पोर — दोघांत काही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो टॅब बंद केला. म्हणजे टॅब चालू होता, त्यावरून बाहेर फोन लागेनासा केला. आईच्या मशिनांची वाट वेगळी होती, तिला हात लावला नाही. तेवढी अक्कल शाबूत होती. स्वतःला म्हणालो, तिला विश्रांती हवी, डॉक्टरांनीच सांगितलंय. डॉक्टरांनी तसं काहीही सांगितलेलं नव्हतं. आईला म्हणालो, रेंज नाही. मावशीला फोन करून म्हणालो, आई झोपली आहे.

कोण शंका घेणार? नेटवर्क बसवणारा माणूसच सांगतोय, रेंज नाही!

आणि खरं सांगतो, पुढच्या काही संध्याकाळी फार सुखाच्या गेल्या. आई माझ्याशी बोलली. लग्न होऊन पुण्यात आल्यावर भाजीवालीसमोर तोंड उघडायला कशी लाजायची, मी झालो तेव्हा बाबा दवाखान्यात पेढे विसरून कसे आले होते — कधी न ऐकलेलं सगळं. मला तिचा एवढा लळा आहे हे मलाच माहीत नव्हतं. चोरीचा माल होता. गोड लागला.

तिथल्या मुजावर सिस्टर तोंडाच्या फटकळ. एकदा मला म्हणाल्या, ‘साहेब, मजल्यावर सगळीकडे नेटवर्क आहे, फक्त तुमच्या मातोश्रींवर रुसलंय का?’ मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, ‘अहो सिस्टर, त्याला नका बोलू. फार मेहनतीनं बसवलंय त्यानं. यंत्रच ते, चालायचंच.’ माझी बाजू घेत होती ती. तेव्हा तरी उठून ते सुरू करायचं ना? दोन मिनिटांचं काम होतं. मी उद्यावर टाकलं. उद्याचं परवावर.

एका संध्याकाळी तिला धाप लागत होती. मी निघताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, ‘नलूला सांगू नकोस हं तुझं नेटवर्क बिघडलंय म्हणून. चिडवत बसेल तुला. सांग, मीच झोपले होते.’

मी मान डोलावली. रात्रीतून तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. सकाळी मला बोलावून घेतलं, तेव्हा मी टॅब सुरू केला, मावशीला आई दाखवली. नळ्या, मिटलेले डोळे. मावशी तिला हाका मारत राहिली. आई पुन्हा बोलली नाही.

मावशी अजून आहे. दर रविवारी फोन करते, मी जेवलो का विचारते. आईचा विषय निघाला की म्हणते, ‘बरं झालं रे बापू, अखेरीले झोप तरी लागे तिले. जलमभर कुठी झोपली थे!’ त्या झोपेवर तिचं समाधान आहे. मी हो म्हणतो.

आई झोपलेली नसायची. संध्याकाळ झाली की सिस्टरकडून केस विंचरून घ्यायची, टिकली लावायला सांगायची आणि उशीला टेकून त्या टॅबकडे बघत बसायची. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.